कुंड्यांचा ठिबक टाइमर: दोन उन्हाळे वापरून झाला, आता सांगते

टाइमर म्हणजे नळाला लावायचा डबा, ठरल्या वेळी कुंड्यांचं पाणी आपोआप चालू-बंद करतो. ज्यांना फक्त घेऊ की नको एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. घ्या, पण बॉल व्हॉल्ववाला (म्हणजे काय ते पुढे येईल) घ्या, आणि डब्यावर किंवा कुठल्या व्हिडिओत सांगितलेला टाइम डोळे झाकून लावू नका, आपल्या कुंडीत दहा मिनिटांत किती पाणी पडतं ते मोजायचं आणि मग टाइम लावायचा. का ते ज्यांना पाहिजे त्यांनी पुढे वाचा, लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी जळगावात राहते, माहेर चोपडा तालुक्यात. गच्चीवर (सासूबाई अजून धाबंच म्हणतात) ३४ कुंड्या आहेत. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, मिरची, दोन लिंबं, गवती चहा, तुळशी तीन, थोडे गुलाब, आणि एक भरताचं वांगं, जे बामणोदच्या वांग्यासारखं होईल या आशेवर मी दरवर्षी लावते आणि दरवर्षी लिंबाएवढं होतं. असो. इकडचा उन्हाळा माहितीच आहे, एप्रिल संपता संपता ४३-४४ आणि मे महिन्यात त्याच्याही वर, सकाळी पाणी घातलेली कुंडी दुपारी चारला हात लावला तर राखेसारखी कोरडी. आणि नेमकी अखाजी (अक्षय्य तृतीया) त्याच दिवसांत. आता अखाजीला माहेरी जायचं नाही असं कोणती सासुरवाशीण म्हणेल? चार-पाच दिवस तरी जायचंच. दरवेळी शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायची, त्या बिचाऱ्या गुडघे धरत जिना चढणार, एका कुंडीत बादली आणि दुसरीत थेंब. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की टाइमर बसवायचा.

पहिला घेतला तो ऑनलाईन. नाव लिहीत नाही कारण एक तर तोच डबा चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, रंग तेवढा बदलतो, आणि दुसरं म्हणजे खरी चूक माझीच होती. दिसायला छान, डिस्प्लेवाला, १२५० रुपयांना. सोबत वेगळा किट घेतला, बारीक ४ एमएमची नळी आणि लाल टोपीचे फिरवायचे ड्रिपर, म्हणजे कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं. बसवला, सकाळी सहाचा टाइम लावला, सहाला टकक् असा आवाज आला आणि पाणीच नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, पहिल्या दोन कुंड्यांत थेंब थेंब आणि पुढे ठणठणाट. मला वाटलं नळी चोंदली. काढली, फुंकली, परत लावली. नवऱ्याने पण फुंकली. मग तो बंद व्हायची वेळ झाली तर पूर्ण बंदही होईना, थेंब चालूच.

दोन दिवस असं डोकं खाल्ल्यावर डब्याच्या मागे बारीक अक्षरात दिसलं, पाण्याचं प्रेशर ०.५ ते ८ बार. तेव्हा मला बार म्हणजे काय हे शाळेतलं पण आठवत नव्हतं. हिशोब सोपा आहे, १० मीटर उंचीवरून पाणी आलं की १ बार. म्हणजे अर्धा बार पाहिजे तर टाकी कुंडीपासून ५ मीटर, सोळा फूट वर पाहिजे. माझी टाकी जिन्याच्या खोलीवर आहे, कुंडीपासून पाण्याची पातळी मोजली तर टाकी पूर्ण भरलेली असताना आठ फूट. म्हणजे पाव बारही नाही. खाली पहिल्या मजल्यावर बाथरूममध्ये त्याच टाकीचं पाणी जोरात येतं, पण गच्चीवर टाकीच्या शेजारीच नळ असतो, तिथे काही जोर नसतो. आपल्याकडे बऱ्याच लोकांच्या कुंड्या गच्चीवरच असतात, आणि विकणारे याबद्दल एक शब्द लिहीत नाहीत, हे मला पटत नाही.

तर त्या टाइमरमध्ये सोलेनॉइड व्हॉल्व होता. त्यात एक रबरी पडदा असतो आणि तो उघडायला-मिटायला पाण्याचाच जोर वापरतात, जोर नसला की तो ना धड उघडतो ना धड मिटतो. दुसरा प्रकार बॉल व्हॉल्वचा, त्यात छोटी मोटर एक भोक पाडलेला गोळा फिरवते, पाण्याला जोर असो नसो तो पूर्ण उघडतो, अगदी ड्रमला लावला तरी. ओळखायचं कसं, तर सोलेनॉइड टक करतो आणि बॉल व्हॉल्व चार-पाच सेकंद घर्रर्र करतो. आणि डब्यावर प्रेशर ० पासून लिहिलेलं असतं. तो शून्य शोधा, बाकी सगळं नंतर. पहिला परत केला, पैसे मिळाले पण पूर्ण तीन आठवड्यांनी, मधे मधे "आपली विनंती प्रक्रियेत आहे".

तेवढ्यात धुळ्याच्या मेव्हण्यांकडे बॉल व्हॉल्ववाला आहे म्हणून कळलं, त्यांनी दोन दिवस वापरायला दिला. तो दोन गोल बटणांचा, एका बटणाने किती तासांनी आणि दुसऱ्याने किती मिनिटं. वापरायला एकदम सोपा, सासूबाईसुद्धा फिरवू शकतील. पण त्यात घड्याळच नाही! तुम्ही ज्या क्षणी बटण फिरवता तिथून तो तास मोजतो. म्हणजे सकाळी सहाला पाणी पाहिजे तर सकाळी सहाला वर जाऊन बटण फिरवायचं. बरं तेही केलं, पण मग दर ८ तासांनी लावलं तर सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा. दर ६ तासांनी लावलं तर दुपारी बारा आणि मध्यरात्र. आता मे महिन्यात दुपारी दोनला काळ्या नळीतलं पाणी हातावर घेऊन बघा, चटका बसतो. ते मुळांना द्यायचं म्हणजे कुंडीत मिरची शिजवायचीच. ज्यांना दिवसातून एकदाच पाणी द्यायचं आहे, सावलीतली झाडं आहेत, बाल्कनी आहे, त्यांच्यासाठी तो दोन बटणांचा उत्तम आणि स्वस्त आहे. खानदेशातल्या उघड्या गच्चीवर नाही चालत, आमचं मत.

शेवटी घेतला तो डिस्प्ले आणि बॉल व्हॉल्व दोन्ही असलेला, १९०० ला पडला. यात दिवसातले वेगवेगळे टाइम आणि प्रत्येक टाइमला वेगवेगळी मिनिटं लावता येतात. हा रिव्ह्यू खरं म्हणजे याचाच. गेल्या एप्रिलपासून चालू आहे.

बसवताना एक गोष्ट. याचे आटे पाऊण इंची असतात आणि आपल्या गच्चीवरचा नळ बहुतेक अर्धा इंची. सोबत प्लॅस्टिकचा जोड येतो तो टेफ्लॉन टेप लावूनच बसवा, आणि आतला वायसर पडला तर नाही ना ते बघा, माझा पडला होता आणि मी अर्धा तास टेपवर टेप गुंडाळत बसले. पान्याने आवळू नका, प्लॅस्टिक आहे, हाताने जेवढं होईल तेवढं बास.

आता ठिबकचं सामान. किटमधली बारीक नळी मी फेकली. ४ एमएमच्या नळीतून बारा मीटर लांब पाणी न्यायचं तर कमी जोरात ते पोचतच नाही, आणि लाल टोपीचे ड्रिपर जोर असेल तिथे ठीक, इथे जवळचे सगळं पाणी पिऊन टाकतात. तेव्हा आप्पांना (माझे वडील) फोन केला. आप्पांच्या केळीला ठिबक आहे, किती वर्षांपासून ते आता त्यांनाही आठवत नाही. त्यांना मी कौतुकाने सगळं सांगितलं, टाइमर, डिस्प्ले, किट, आणि तिकडून एवढंच, "हाई काय खेळनं शे?" मग म्हणाले शेतकऱ्यांच्या दुकानात जा, १६ एमएमची लॅटरल (शेतातल्या ठिबकची जाड नळी) घे. आणि मला एकदम लाजच वाटली. जळगाव म्हणजे ठिबकचं गाव, वाकोदच्या भवरलाल जैनांनी इथे ठिबकचा एवढा मोठा कारखाना उभा केला, लांबलांबून शेतकरी जैन हिल्स बघायला येतात, आणि मी जळगावात बसून कुंड्यांचं ठिबक कुठून तरी बाहेरून कुरियरने मागवत होते.

दुकानात गेले तर काउंटरवरच्या भाऊंनी वर न बघताच विचारलं, "बोला ताई, किती एकर?" मी म्हटलं चौतीस कुंड्या. मग मात्र वर बघितलं. पण माणूस चांगला निघाला, कापून मीटरवर दिली. १५ मीटर १६ एमएम लॅटरल, ४ लिटरचे ड्रिपर ३०, २ लिटरचे १०, थोडी बारीक नळी, ग्रोमेट (भोकात बसवायचं रबर), भोक पाडायचा पंच, चुकीच्या भोकाला लावायच्या डमी, टी, जॉइनर आणि एक जाळीचा छोटा फिल्टर, सगळं मिळून सातशेच्या आत. ऑनलाईन किट नऊशेचा होता आणि त्यात फिल्टर नव्हता. भाऊंनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली ती अशी की प्रेशर कॉम्पेन्सेटिंग म्हणून (जोर कमी-जास्त झाला तरी पाणी सारखंच सोडणारे) महागाचे ड्रिपर असतात ते घेऊ नका, त्यांना काम करायलाच जोर लागतो, टाकीवर साधेच चांगले. दुसरी गोष्ट, लॅटरल नुसती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊ नका, गोल फिरवून दुसरं टोक परत सुरुवातीला टी लावून जोडा, म्हणजे पाणी दोन्हीकडून येतं आणि शेवटच्या कुंडीची तक्रार नाही. खरंच नाही.

आता मुख्य विषय, टाइम. यावरच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

ड्रिपरवर ४ लिटर लिहिलंय म्हणजे तासाला ४ लिटर, बरोबर? मीही तेच धरलं. १५ मिनिटं म्हणजे एक लिटर, झालं, असं करून लावलं आणि आठवड्यात मोगरा मान टाकायला लागला. आप्पांना परत फोन. "किती पानी पडस ते मोज पहिले." मोजलं नव्हतं. औषधाचं मापाचं भांडं ड्रिपरखाली धरलं, मोबाईलवर दहा मिनिटं लावली. जेमतेम ३०० मिली. म्हणजे तासाला १८०० मिली, दोन लिटरही नाही. ते ४ लिटर असतं १ बारला. जोर चौथाई झाला तर पाणी निम्मं होतं, साधा हिशोब. आणि टाकी तळाला गेली की तोच ड्रिपर दहा मिनिटांत २३०-२४० वर येतो. म्हणून ज्या व्हिडिओत सांगतात की उन्हाळ्यात पंधरा मिनिटं लावा, त्या माणसाची टाकी किती वर आहे ते आधी विचारा. मिनिटं ज्याची त्याची वेगळी, मिली मात्र सगळ्यांचे सारखे. माझ्याकडे १२ इंची कुंडीला मे महिन्यात दिवसाला पाऊण ते एक लिटर लागतं, लहान ८ इंचीला त्याच्या निम्मं, लिंबाच्या मोठ्या ड्रमला दोन लिटर. हिवाळ्यात सगळं निम्म्याहून कमी.

एका नळीवर टाइम सगळ्यांना एकच, त्यामुळे झाडाप्रमाणे टाइम बदलता येत नाही, ड्रिपर बदलायचा. लहान कुंडीला २ चा, मधल्या कुंडीला ४ चा, लिंबाला ४ चे दोन. हे एकदा डोक्यात बसलं की सोपं आहे. कोरफड आणि अडेनियम मात्र नळीवर घेऊच नका, मी घेतलं होतं, अडेनियमचा कांदा हाताने दाबला तर पिकल्या पपईसारखा आत गेला. सहा कुंड्या अशा मी बाहेरच ठेवल्यात, त्यांना हाताने.

मग एकदम द्यायचं की तुकड्याने? मी आधी एकदम देत होते, सकाळी ३५ मिनिटं. खालच्या प्लेटमध्ये पाणी भरून वाहायचं आणि वर माती दोन पेरं खाली कोरडी. कारण आपल्याकडची काळी माती. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेने बोटभर फट पडते, आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली. ज्यांच्या मिक्समध्ये कोकोपीट जास्त आहे त्यांचंही तेच, एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरतच नाही. म्हणून तुकडे. पण तुकडेही फार बारीक करू नका, मी शहाणपणा करून दोन-दोन मिनिटं दिवसातून आठ वेळा लावलं होतं. प्रत्येक वेळी रिकामी नळी आधी भरते, १२ मीटर नळीत दीड-पावणेदोन लिटर पाणी मावतं, तेवढं भरेपर्यंत लांबच्या कुंड्यांना काहीच नाही आणि पडायला लागतं तोवर टाइम संपला. जवळच्या कुंड्या तृप्त, लांबच्या उपाशी. १० मिनिटांच्या खाली जाऊ नये असं माझं झालंय.

सध्याचा टाइम असा: पहाटे साडेपाचला २० मिनिटं, दहाला १० मिनिटं, संध्याकाळी साडेसहाला १५. पहाटेचं मोठं, कारण दिवसभराची शिदोरी तीच. दहाचं लहान, नळी तापायच्या आत. संध्याकाळचं मे महिन्यातच, जूनमध्ये मृग लागला आणि दोन पाऊस पडले की ते काढून टाकते, नंतर पूर्ण बंद. पावसासाठी याच्यात थांबवायचं बटण आहे, दाबलं की एक-दोन-तीन दिवस थांबून आपोआप चालू होतो, हे खरंच कामाचं आहे. नळी उन्हात राहू नये म्हणून कुंड्यांच्या मागून नेलीय आणि जिथे उघडी आहे तिथे गोणपाट गुंडाळलंय, गच्ची दिसायला जरा भंगारवाल्याच्या दुकानासारखी दिसते पण ठीक आहे.

आणि बरोबर आहे की नाही हे टाइमर सांगत नाही, कुंडी सांगते. आप्पांच्या भाषेत पिकाला पाणी लागत नाही, वाफसा लागतो. शहरात वाढलेल्यांना वाफसा समजवायला मला त्रास होतो, म्हणजे माती ओली पण चिखल नाही, मुठीत धरली तर लाडू होतो आणि बोटाने टोचलं तर फुटतो, मुळांना पाणीही आहे आणि हवाही. दर रविवारी बोट घालून बघायचं. चिखल लागला तर पाच मिनिटं कमी.

आता गेल्या वर्षीची फजिती. सगळं छान बसलं, आठवडाभर बघितलं आणि मी निवांत अखाजीला माहेरी. झोके, सांजोऱ्या, आमरस, घागर भरून त्यावर डांगर (खरबूज) ठेवलं, आणि नैवेद्य दाखवतोय तर काकूंचा फोन, "अगं तुझ्या गच्चीवरनं पाणी वाहून ऱ्हायलंय, पन्हाळीतनं धो धो." एका जॉइनरमधून नळी निसटली होती. ऊन लागून ती मऊ पडते आणि मी नवी असताना गरम पाण्यात न बुडवता जोर लावून अर्धीच बसवली होती. निसटल्यावर १६ एमएमचं अख्खं तोंड उघडं, पंधरा-वीस मिनिटांत दोन-अडीचशे लिटर. टाइमर प्रामाणिक, त्याने दहालाही उघडला, संध्याकाळीही उघडला. घरची ५०० लिटरची टाकी साफ. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आलं तरी मोटर लावायला घरात कोणी नाही. काकूंना व्हॉल्व बंद करायचा तर गच्चीचं दार मी आतून बंद केलेलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. पितरांसाठी घागरी भरायच्या दिवशी माझी टाकी रिकामी. पाचव्या दिवशी आले तर मोगरा गेला, चारही मिरच्या गेल्या, सासूबाईंची तुळस काडी झाली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून घरची टाकी आणि बाग वेगळी. २०० लिटरचा निळा ड्रम, तीन फुटी लोखंडी स्टँडवर, ठिबक त्यालाच. काही झालं तरी जाणार ते २०० लिटर, घरातलं पाणी शाबूत. उंची कमी झाली म्हणून परत मोजलं, ड्रम भरलेला असताना दहा मिनिटांत अडीचशे मिली, खाली गेल्यावर दीडशेच्या वर, म्हणजे सरासरी दोनशे धरा. वरचा जो टाइम लिहिलाय, ४५ मिनिटांचा, तो या ड्रमचा आहे, म्हणजे मधल्या कुंडीला ९०० मिली. सगळ्या कुंड्या मिळून दिवसाला साधारण ३० लिटर, ड्रम सहा दिवस जातो. शेवटच्या दोन दिवसांत पाणी जरा कमी पडतं पण झाड मरत नाही. यंदा अखाजीला पाच दिवस गेले होते, एकही गेलं नाही, मोगऱ्याला तर उलट कळ्या. गच्चीची एक किल्ली आता काकूंकडे असते, ही पण सुधारणा धरा.

नावडलेल्या गोष्टी. एक नंबर, बॅटरी. दोन सेल लागतात आणि साधे स्वस्तातले सेल चालत नाहीत, अल्कलाइनच लागतात, चार्जिंगचे तर अजिबात नाही, त्यांचा व्होल्टेज आधीच कमी असतो. पण खरा धोका असा की सेल मरताना व्हॉल्व उघडा असेल तर तो उघडाच राहतो! बॉल व्हॉल्वचं हे दुखणंच आहे, फिरवायला मोटर लागते आणि मोटरला सेल. काही मॉडेल सेल उतरायला लागले की आधीच बंद करून ठेवतात म्हणे, माझ्यात बॅटरीचं चित्र तेवढं लुकलुकतं, आणि ते चित्र उन्हात दिसत नाही. म्हणून मी पाडव्याला आणि दसऱ्याला न विचारता सेल बदलते. जमेची बाजू, लाईट गेली तरी याला फरक नाही, आणि आमच्याकडे ती जातेच.

दुसरं, सेट करायची पद्धत. बटणं चार आणि प्रत्येक बटणाची कामं तीन. पहिल्या दिवशी सकाळचं म्हणून संध्याकाळचं लावून बसले, बारा तासांचं घड्याळ आहे, कोपऱ्यात मुंगीएवढं पीएम लिहिलेलं असतं. चष्मा लावून सेट करा. सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत आणि ते इंग्रजीही कोणीतरी घाईत केलेलं.

तिसरं, ऊन. डिस्प्ले पहिल्याच मे मध्ये पिवळा पडला. आता पाच लिटरची तेलाची कॅन कापून वरून टोपी घातलीय. भाचा म्हणत होता वायफायवाला घे मामी, मोबाईलवरून दिसेल. आमच्या गच्चीवर वायफायची रेंज जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येते, विषय संपला.

चोंदण्याचं म्हणाल तर उन्हाळ्यात आम्ही बोअरचं पाणी भरतो, ते जड आहे, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं मीठ जमतं. शेतात आप्पा लॅटरलमध्ये ॲसिड सोडतात, आपण तसलं काही गच्चीवर करायचं नाही, ड्रिपर काढून किराणा दुकानातलं निंबूसत घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवले की साफ. दोन महिन्यांतून एकदा करते. फिल्टरची जाळी पंधरा दिवसांनी. आणि ड्रिपरचं तोंड मातीत खुपसू नका, पाणी बंद झालं की नळी उलटी ओढते आणि चिखल आत जातो, मातीपासून बोटभर वर ठेवा, काडीला बांधा.

एक राहिलं. टाइमर बंद झाला तरी नळीतलं उरलेलं पाणी कुठेतरी जाणारच, ते जातं सगळ्यात खाली असलेल्या कुंडीत. प्रत्येक वेळी दीड लिटर धरा, तीन वेळचं साडेचार-पाच लिटर, स्वतःच्या वाट्याशिवाय. माझ्याकडे त्या जागेवर आधी गुलाब होता, तो कुजला, दोन महिने मला कारणच कळेना. आता जमिनीवर एक जुना टब ठेवून त्यात अळू लावलाय.

पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या पीएमसाठी कापला आणि एक सेलसाठी. १९०० किंमत आहे तेवढीच ठीक, त्याच्या वर देऊ नका. ज्यांच्या दहाच कुंड्या आहेत आणि घरात कायम कोणीतरी असतं त्यांनी या भानगडीत पडू नये, झारी बरी. बाकी ड्रम, स्टँड, टाइमर, ठिबक सगळं धरून माझे साडेचार हजारांच्या आसपास गेले, त्यात मेलेल्या मिरच्या धरल्या नाहीत. आणि जळगावात जवळपास कोणाला अळू पाहिजे असेल तर खरंच घेऊन जा, टब मावेना इतका झालाय, घरात आठवड्यात दोनदा फतफतं होतंय आणि नवऱ्याने आता ताट बघूनच मान फिरवायला सुरुवात केलीय.